पानमळ्याचा वेग

पानमळे हे गाव नगरपरिषदेच्या माडीवर ठेवलेल्या ग्रामोफोनच्या यंत्रावर चालतं. यंत्र जुनं आहे, चावीचं आहे. त्याचं तबक मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेत असलं की गावातली माणसं, गुरं, घड्याळं आणि चुलीवरचं दूध बाकीच्या जगाच्या बरोबरीनं चालतात. फेरे कमी झाले की गाव रेंगाळतं, वाढले की पळतं. जकात नाक्याच्या आत आलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे, मग तो पाहुणा असो की पाखरू.

गावातल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही, कारण त्याची नाडीसुद्धा गावाबरोबरच मंदावते. फक्त सूर्य जरा घाईनं मावळतो आणि रेडिओवरची माणसं चिरक्या आवाजात भराभरा बोलतात. उलट गाव पळवलं तर बाहेरच्या एका तासात गावाचा तासाहून थोडा जास्त वेळ मावतो. म्हणून दहावीच्या परीक्षेला हेडमास्तर ऐंशी मागतात, आणि रोजंदारीवरचे गडी दिवस लवकर मावळावा म्हणून शहात्तर मागतात. असे सगळे अर्ज वेग समितीपुढे जातात आणि बहुतेक नामंजूर होतात.

यंत्राची चावी अनसूया पांचाळ यांच्याकडे होती. वय बावन्न. पदनाम चावीदार. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला दोनदोनशे फेरे चावी द्यायची, तबकाखाली कागदाची चिठ्ठी अडकवून मिनिटाला ती किती वेळा समोरून जाते ते मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या आधी त्यांचे वडील दिनकर पांचाळ एकतीस वर्षं हेच करत होते.

त्या जानेवारीत अनसूयाबाईंना धाकट्या बहिणीचं, शालनचं, पोस्टकार्ड आलं. अकरा वर्षांत पहिलं. त्यात एवढंच होतं: 'माझ्या जन्मदाखल्यात आईचं नाव चुकलं आहे. दुरुस्तीला स्वतः हजर राहावं लागतं म्हणतात. सोमवारी नऊच्या गाडीने येते, पाचच्या गाडीने जाते.' खाली ना नमस्कार, ना आशीर्वाद.

अनसूयाबाईंनी कार्ड तीनदा वाचलं आणि त्याच दुपारी वेग समितीला अर्ज दिला. सोमवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत गावाचा वेग ब्याऐंशी ठेवावा. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बहीण येणार आहे.'

समितीचे अध्यक्ष हणमंतराव ढोणे यांनी चष्मा कपाळावर सरकवून अर्ज वाचला. मग तो पुन्हा नाकावर घेऊन वाचला.

"ब्याऐंशीनं किती वेळ सुटतो, बाई?"

"आठ तासांवर पंचवीस मिनिटं, साहेब."

"पंचवीस मिनिटांसाठी आख्खं गाव पळवायचं?" हणमंतराव म्हणाले. "लोकांना पुन्हा जेवायच्या आधीच भूक लागते. मागं हेडमास्तरांच्या ऐंशीला माझ्याकडं तक्रारी आल्या होत्या. पंचवीस मिनिटांत काय होणार आहे?"

अनसूयाबाईंनी पायांच्या अंगठ्याकडे बघितलं. "आम्ही दोघी बहिणी बोलायला फार जड आहोत, साहेब," त्या म्हणाल्या. "आठ तास तर नुसते तोंड उघडायला लागतील. मला त्याच्यानंतरची पंचवीस मिनिटं हवीत."

समितीत कुजबुज झाली. असं कारण आधी कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे नामंजूर कुठल्या नियमाखाली करावं हे सापडेना. शेवटी हणमंतरावांनी तडजोड काढली. ऐंशी मंजूर. बारा मिनिटं वाढीव. बारा तर बारा, असं म्हणून अनसूयाबाईंनी ठरावाची नक्कल घेतली आणि घरी गेल्या.

सोमवारी कडाक्याची थंडी पडली. अनसूयाबाईंनी सहाला चावी दिली, आजमावायला म्हणून वेगाचा काटा ऐंशीवर नेला, चिठ्ठी अडकवली आणि मोजलं. सहासष्ट आले. पुन्हा मोजलं. सहासष्टच. काटा ब्याऐंशीवर नेला, शेवटपर्यंत दाबला, तरी यंत्र आपलं सहासष्टावर, सुस्त म्हशीसारखं.

इथे यंत्राविषयी दोन शब्द सांगायला हवेत. त्याचा वेग तीन पितळी गोळ्यांच्या हातात असतो. गोळे पातळ पट्ट्यांवर बसवलेले असतात. दांडा फार जोरात फिरू लागला की गोळे बाहेर फाकतात, त्यांच्या ओढीनं एक चकती सरकते आणि चामड्याच्या एवढ्याशा गादीला घासते. घासली की वेग आवरतो. काटा फिरवून ही गादी पुढेमागे करता येते. या सगळ्याला तेल लागतं, तेही घड्याळाचं, पाण्यासारखं पातळ, आणि थेंबभरच.

पानमळ्यात नरकचतुर्दशीला यंत्रालाही अभ्यंगस्नान असतं. दिनकररावांच्या काळी ते म्हणजे काडीच्या टोकावरचा एक थेंब आणि वर कुंकवाचं बोट. यंदा मात्र ऐन पहाटे घड्याळाच्या तेलाची डबी रिकामी निघाली. वर्षाचा सण, यंत्राला कोरडं कसं ठेवायचं, म्हणून अनसूयाबाईंनी घरून स्वतःच्या डोक्याचं खोबरेल आणलं आणि गोळ्यांना, पट्ट्यांना, गादीला हातानं छान चोपडलं. चांगलं वाटीभर. दिवाळीत ते अंगी लागलं. थंडी वाढली तसं गोठत गेलं. दोन महिने सकाळचं गाव जडच उठत होतं, पण थंडीत जड उठणं कुणाला खटकत नाही, आणि अनसूयाबाई वहीत अठ्ठ्याहत्तर लिहीत होत्या, कारण दुपारपर्यंत तेवढे भरत असत. त्या सोमवारी मात्र ऊनच पडलं नाही.

सहासष्टच्या हिशेबानं आठ तासांचे पावणेसात होतात. बारा मिनिटं मिळवायला निघालेल्या बाईचा सव्वा तास गेला होता.

नऊला गाडी आली. शालन उतरली. केस पांढरे झाले होते आणि चालताना उजवा पाय जरा ओढत होती, हे अनसूयाबाईंना बघवलं नाही. "आलीस?" त्या म्हणाल्या. "आले," शालन म्हणाली. मग दोघी नगरपरिषदेपर्यंत चालत गेल्या. शालन जन्ममृत्यूच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली आणि अनसूयाबाई माडीवर यंत्राकडे गेल्या.

ही यंत्रखोली एका जुन्या ठरावानं गावाच्या हद्दीबाहेर धरलेली आहे. तसं करणं भाग होतं. यंत्र बंद पडलं तर दुरुस्त करणाराही बंद पडेल आणि मग सगळंच राहील. त्यामुळे खोलीतलं घड्याळ खऱ्या वेळेचं असतं आणि गाड्या त्यावर सुटतात. उंबरठा ओलांडून बाहेर पाऊल टाकलं की माणूस पुन्हा गावाच्या वेगात.

अनसूयाबाईंनी दिवसभर त्या यंत्राची मिनतवारी केली. फुंकर घातली, पदरानं पुसलं, शेवटी कंदील पेटवून जवळ धरला. सहासष्टाचे अडुसष्ट झाले आणि पुन्हा सहासष्ट. खाली खिडकीवरचा कारकून सहासष्टानं कागद उलटत होता. शालनचं काम व्हायला चार वाजून गेले. अनसूयाबाई खिडकीत उभ्या राहून घड्याळाकडे बघत होत्या आणि त्यांना रडायला येत होतं. बहिणीशी दिवसभरात एक शब्द झाला होता, तोही प्रश्नार्थक.

एवढ्यात जिन्यावर एक पाय ओढत चालल्याचा आवाज आला. शालन दारात उभी होती.

"गाव सहासष्टावर चाललंय, अक्का," ती म्हणाली.

अनसूयाबाईंच्या हातातला कंदील तसाच राहिला. "तुला कसं कळलं?"

"खाली चहाच्या गाडीवर रेडिओ लागलाय. त्यातली बाई मी मिरजेत रोज ऐकते. इथं ती दीड स्वर चढी गातेय." शालन आत आली, यंत्रावर वाकली आणि तिनं नाक फेंदारलं. मग गोळ्यावर बोट फिरवून वास घेतला. "खोबरेल?"

अनसूयाबाईंनी कंदील खाली ठेवला.

"ते पण सुवासिक?"

"डबी तेव्हा रिकामी होती," अनसूयाबाई म्हणाल्या.

शालननं पिशवी खाली ठेवली. घड्याळात चार पंचवीस झाले होते. स्टँडवर पाचची गाडी लागलेली खिडकीतून दिसत होती. तिनं गाडीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि बाह्या वर केल्या.

"यंत्र थांबवावं लागंल. सगळं खोलून रॉकेलनं धुवायचं. परवानगी कोण देतं?"

परवानगी मुख्याधिकारी देत. त्यांचं नाव भालेराव. नमुना नऊ भरून अनसूयाबाई आणि शालन खाली गेल्या. भालेरावांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका रकान्यावर पेन टेकवलं.

"बंदचा कालावधी रिकामा आहे."

"अठ्ठेचाळीस तास," शालन म्हणाली.

अनसूयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वडील हेच काम पाऊण तासात करत.

"एवढे?" भालेरावांनी विचारलं.

"गादी नवी बसवावी लागणार, साहेब. चामडं तेलात मुरायला हवं. नाही मुरलं तर गाव कुरकुरत चालंल."

"आणि तोपर्यंत गावाला त्रास?"

"काहीच नाही. गाव थांबलेलं असंल. आज चार चाळीसला थांबवलं आणि बुधवारी चार चाळीसला सुरू केलं की सूर्यसुद्धा जागच्या जागी सापडंल. तुम्ही हा कागद खाली ठेवताना मध्ये दोन दिवस गेले, एवढंच."

भालेरावांनी विचार केला. त्रास नाही म्हणजे तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणजे हरकत घ्यायला आधार नाही. त्यांनी सही केली. दुरुस्ती करणाराचे नाव या रकान्यात अनसूयाबाईंनी 'शालन' लिहिलं.

चार चाळीसला शालननं तबकाला रोधक लावला. गाव थांबलं. चहावाल्याच्या किटलीची धार हवेत राहिली. स्टँडवर ड्रायव्हर एक पाय पायरीवर ठेवून उभा राहिला. नाक्यावरून बगळ्यांची एक रांग आत येत होती, त्यातले पुढचे पाच थांबले, मागचे येऊन त्यांच्याजवळ थांबले. एवढी शांतता पानमळ्यात शालननं लहानपणी एकदाच पाहिली होती, बाबांच्या हाताखाली.

"आधी स्प्रिंग उतरव," ती म्हणाली. "चावी घट्ट धर, मी खिटी उचलते. सोडू नको हं."

हे अनसूयाबाईंनाही माहीत होतं. स्प्रिंगमध्ये जोर असताना गोळे काढले तर यंत्राला धरबंध राहत नाही. त्यांच्या आजोबांच्या काळात एकदा असं झालं होतं, तेव्हा एका दुपारी गावातल्या सगळ्या पुरुषांच्या दाढ्या छातीपर्यंत आल्या आणि दोन साखरपुडे जुने होऊन मोडले. त्यांनी दोन्ही हातांनी चावी धरली. शालन चाकाचा एकेक दात मोजत खिटी उचलत गेली. उरलेले फेरे उतरायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात दोघींमध्ये 'धर' आणि 'धरलंय' यापलीकडे काही झालं नाही.

मग गोळे निघाले, पट्ट्या निघाल्या, चकती निघाली. परातीत रॉकेल ओतून शालन एकेक वस्तू धुवू लागली. खोबरेलाचे पांढरे गठ्ठे वर तरंगू लागले. तिचे हात बाबांसारखे चालत होते. बघायची गरज पडत नव्हती. अनसूयाबाई फडकं घेऊन पुसायला बसल्या. पहिला गोळा त्यांनी इतका वेळ पुसला की त्यात त्यांचं तोंड दिसू लागलं.

घरच्या चुलीकडे जाता येत नव्हतं, कारण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं असतं तर त्याही तिथेच उभ्या राहिल्या असत्या. शालननं मिरजेहून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, बहिणीच्या घरचं खायला लागू नये म्हणून. ती तिनं आता काही न बोलता दोन ठिकाणी वाढली. कोपऱ्यातल्या स्टोव्हवर चहा झाला. एकीनं दुसरीला कप दिला. घड्याळ पुढे सरकत होतं आणि गाव पाच वाजायची वाट बघत उभं होतं.

यंत्र थांबल्याला बरोबर आठ तास झाले तेव्हा अनसूयाबाई बोलल्या.

"मी त्या अर्जात लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "बाबांच्या जागेच्या. इतर वारसांना कामाचा अनुभव नाही, असं."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"नक्कल काढली होती. खालच्याच खिडकीतून." शालननं धुतलेली चकती उजेडात धरली. "तुला जागा हवी होती. भाऊजी गेलेले. मी म्हणाले असते, घे. एकदा विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"मग मला आयुष्यभर माहीत राहिलं असतं, की जागा तुझी होती आणि तू मला दिलीस. मला भीती वाटली, शालन. दोघींची परीक्षा घेतली असती तर तू डोळे मिटून पास झाली असतीस. मला तर अजून चिठ्ठी लावल्याशिवाय फेरे मोजता येत नाहीत." अनसूयाबाईंचा आवाज फुटला. "खोटं लिहिलं मी. चुकलं माझं. अकरा वर्षं रोज चावी देताना चुकलं म्हणतेय, पण यंत्राला सांगून काय उपयोग."

शालननं रॉकेलचा हात फडक्याला पुसला आणि तो बहिणीच्या पाठीवर ठेवला. दोघींचं रडून झालं तेव्हा शालन म्हणाली, "अर्जाचा राग मिरजेत चार वर्षांत ओसरला होता. पण आज त्या गोळ्याला खोबरेलाचा वास आला ना, तेव्हा खरं डोकं फिरलं."

अनसूयाबाईंना आधी ते कळलं नाही. कळल्यावर हसू आलं, आणि मग ते काही केल्या थांबेना. शालनही हसू लागली. हसता हसता तिनं परात कलंडवली.

मंगळवारचा पूर्ण दिवस त्या बोलत होत्या. आईचं नाव दाखल्यात कसं चुकलं, मिरजेच्या घराला ऊन कुठून येतं, शालनच्या गुडघ्याला कुठल्या डॉक्टरनं काय सांगितलं, बाबा झोपेतसुद्धा फेरे कसे मोजत. मध्येच शालननं बहिणीला उभं केलं आणि तबक हातानं फिरवत कानानं वेग ओळखायला शिकवलं. अनसूयाबाईंना सत्तर आणि नव्वद यातला फरक कळला. पंचाहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर यातला नाही कळला. "येईल," शालन म्हणाली. "घाई कुठाय?"

बुधवारी दुपारी त्यांनी यंत्र जुळवायला घेतलं. पट्ट्यांचे स्क्रू शालननं आवळले. गोळे अनसूयाबाईंनी बसवले आणि शालननं तपासले. एकाचाही स्क्रू ढिला नव्हता. नव्या गादीचं चामडं वाटीतून निघालं.

"बाबा हे गरम तेलात दहा मिनिटं ठेवायचे," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तेव्हा चामडं चांगलं यायचं," शालन म्हणाली आणि गादी बसवायला वाकली.

दोघींनी शंभर शंभर फेरे चावी दिली. चार चाळीसला अनसूयाबाईंनी स्वतः रोधक उचलला. तबक हललं, गोळे फाकले, चकती गादीला टेकली आणि शांतपणे फिरू लागली. किटलीची धार कपात पडली. बगळे स्टँडवरून पुढे गेले. भालेरावांनी सही केलेला कागद खाली ठेवला. "अठ्ठ्याहत्तर," शालन डोळे मिटून म्हणाली. अनसूयाबाईंनी चिठ्ठी लावून मोजलं, कारण नियम आहे. अठ्ठ्याहत्तर.

सोमवारची पाचची गाडी बुधवारी पाचला वेळेवर सुटली. शालन खिडकीशी बसली होती. "पुन्हा कधी बिघडणार गं हे?" तिनं विचारलं.

अनसूयाबाईंनी नीट विचार केला. "थंडी आहे तोवर भरवसा नाही," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात तर चामडं सुकतं."

गावात सोमवारनंतर गुरुवार उजाडला. मंगळवारचा बाजार शुक्रवारी भरवावा असं ठरलं. कोणाची तक्रार आली नाही. उलट वेग इतका सुरेख लागला होता की रेडिओवरची माणसं आपल्याच गावची वाटू लागली. पुढच्या सभेत हणमंतरावांनी नमुना नऊ वाचून दाखवला आणि विचारलं की असं काम महिन्याला करून घेतलं तर काय बिघडेल. काहीच बिघडत नाही असं दिसलं. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सायंकाळी चार चाळीसपासून गाव अठ्ठेचाळीस तास बंद ठेवावे, आणि कामाचा अनुभव असल्याने मिरजेच्या श्रीमती शालन यांना बोलवावे, असा ठराव झाला. सूचक कोणीतरी होते, अनुमोदन सगळ्यांनी दिलं.

तेव्हापासून पानमळ्यात महिन्याचा पहिला मंगळवार नसतो. लोकांना सवय झाली आहे. यंत्रखोलीतून बाहेर पडणारा आवाज गाव थांबलेलं असताना खिडकीशीच अडून राहतो, आणि बुधवारी चार चाळीसला तबक हललं की दोन दिवसांचं सगळं बोलणं एकदम चौकात पडतं. त्यातलं एक अक्षर वेगळं काढता येत नाही. लोक हातातलं काम तसंच ठेवून वर बघतात. बहुतेक ते हसणंच असतं. ते संपलं की चहावाला कप पुढे करतो आणि ड्रायव्हर दुसरा पाय पायरीवर ठेवतो.